हिवाळ्यात गाडी जास्त पेट्रोल का पिते?

थंडीचे दिवस आले की घरखर्चाच्या वहीतले काही आकडे वाढणार, हे प्रत्येक गृहिणीने गृहीत धरलेले असते. गरम कपडे, पांघरुणे, पाणी तापवण्याचा खर्च, मुलांच्या सर्दी-खोकल्याची औषधे. पण अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्या कुटुंबांच्या वहीत दर हिवाळ्यात आणखी एक आकडा वाढतो आणि तो का वाढला, हे चटकन कळत नाही. तो म्हणजे गाडीच्या पेट्रोलचा. ऑफिस तेच, मुलांची शाळा तीच, रस्ताही तोच. तरी ऑगस्टमध्ये दहा दिवस पुरणारी टाकी जानेवारीत आठव्या-नवव्या दिवशीच तळ दाखवू लागते.

भारतातून शिकागो, न्यू जर्सी किंवा टोरोंटोला नव्याने गेलेल्या कुटुंबाला तर पहिल्याच हिवाळ्यात हा धक्का बसतो. मग संशयाला सुरुवात होते. पहिला संशय पंपवाल्यावर, दुसरा मेकॅनिकवर आणि तिसरा घरातल्याच माणसावर. “सकाळी अर्धा तास गाडी नुसती चालू ठेवतेस, मग काय होणार?” असे पती म्हणतो. “अहो, शनिवारी मित्रांकडे कोण जातं गाडी घेऊन?” असे पत्नी विचारते. कॉलेजात जाणारा मुलगा घरी आलेला असेल तर सगळा दोष त्याच्या डोक्यावर बसतो.

खरे पाहता यातल्या कुणीच पेट्रोल चोरलेले नसते. हिवाळ्यात त्या देशांत पंपावर मिळणारे पेट्रोलच वेगळे असते. उन्हाळ्यातले पेट्रोल आणि हिवाळ्यातले पेट्रोल यांची घडण एकसारखी नसते, ही गोष्ट वर्षानुवर्षे गाडी चालवणाऱ्यांनाही बहुधा माहीत नसते. मात्र सगळा दोष या पेट्रोलचाही नाही. त्याचा वाटा किती आणि आपल्या सवयींचा किती, हे एकदा समजून घेतले तर घरातले वाद कमी होतील आणि खर्चही थोडा आवरता येईल.

पेट्रोल म्हणजे एकच द्रव नव्हे

पेट्रोल हे पाण्यासारखे एकाच पदार्थाचे बनलेले नसते. खनिज तेल शुद्ध करताना निघालेल्या अनेक घटकांचे ते मिश्रण असते. त्यातले काही घटक हलके असतात. ते जरा ऊब मिळताच वाफ होऊन उडून जातात. काही जड असतात. त्यांची वाफ व्हायला बरीच उष्णता लागते. रिफायनरीत हे घटक ठरावीक प्रमाणात मिसळले जातात.

इंजिनात पेट्रोल जळते ते द्रवाच्या रूपात नव्हे, वाफेच्या रूपात. हवेत मिसळलेल्या वाफेवर ठिणगी पडली की स्फोट होतो आणि गाडीला गती मिळते. कडक उन्हात वाफेची उणीव नसते. पण बाहेर उणे दहा अंश तापमान असताना रात्रभर अंगणात उभ्या राहिलेल्या गाडीचे काय? इंजिनाचा लोखंडी ठोकळा बर्फासारखा गार झालेला असतो. त्यात शिरलेल्या पेट्रोलची पुरेशी वाफ झाली नाही, तर ठिणगी पडूनही गाडी सुरू होत नाही. म्हणून थंड प्रदेशात हिवाळ्यासाठी लवकर उडणारे पेट्रोल बनवावे लागते.

पेट्रोल किती लवकर उडते, हे मोजण्याचे एक माप आहे. ठरावीक तापमानाला, म्हणजे सुमारे ३८ अंश सेल्सियसला, पेट्रोलच्या वाफेचा दाब किती होतो, ते पाहतात. त्याला रीड वाष्पदाब म्हणतात. टायरमधली हवा आपण ज्या पीएसआयमध्ये मोजतो, त्याच मापात अमेरिकेत हा दाबही सांगतात. आपल्या भोवतालच्या हवेचा दाब साधारण १४.७ पीएसआय असतो. अमेरिकेत उन्हाळ्यात पेट्रोलचा वाष्पदाब साधारणपणे ९ पीएसआय किंवा त्याहून कमी ठेवावा लागतो. कडाक्याच्या थंडीच्या भागात हिवाळ्यात तो १५ पीएसआयपर्यंत जाऊ दिला जातो. असे हिवाळी पेट्रोल भर उन्हाळ्यात उघड्या भांड्यात ओतले, तर ते उकळू लागण्याच्या बेतात असेल.

स्वयंपाकघरातला गॅस गाडीच्या टाकीत

पेट्रोलचा वाष्पदाब वाढवण्याचा सगळ्यात सोपा आणि स्वस्त उपाय म्हणजे त्यात ब्युटेन मिसळणे. ब्युटेन हे नाव अपरिचित वाटले तरी वस्तू घरोघरी आहे. भारतात स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस हा मुख्यतः ब्युटेन आणि प्रोपेन यांचेच मिश्रण असतो. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच उकळते. त्यामुळे ते थोडे मिसळले तरी पेट्रोलची वाफ सहज होऊ लागते. अमेरिकेत पेट्रोलला बोलीभाषेत ‘गॅस’ म्हणतात. नव्याने गेलेल्या भारतीयांना त्याची गंमत वाटते. पण हिवाळ्यापुरते तरी त्या नावात थोडे तथ्य असते.

ब्युटेन पेट्रोलच्या इतर घटकांपेक्षा स्वस्त पडते. त्यामुळे हिवाळी पेट्रोल बनवायला खर्च कमी येतो. अमेरिकेत हिवाळ्यात पेट्रोलचे दर अनेकदा उतरतात, त्यामागे प्रवास कमी होणे हे एक कारण असते आणि हे दुसरे. पण स्वस्ताईला दुसरी बाजूही आहे. ब्युटेन हलके असल्यामुळे एक लिटर ब्युटेनमधून मिळणारी उष्णता एक लिटर पेट्रोलपेक्षा कमी असते. पातळ दुधाच्या पेल्यासारखेच हे आहे. पेला भरलेला दिसतो, पण त्यात सत्त्व थोडे कमी.

हे सत्त्व किती कमी होते? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने दिलेल्या माहितीनुसार, उन्हाळी पेट्रोलमध्ये हिवाळी पेट्रोलपेक्षा सरासरी सुमारे १.७ टक्के जास्त ऊर्जा असते. म्हणजे फरक आहे, पण तो शंभर लिटरमागे दोन लिटरसुद्धा नाही. हा आकडा लक्षात ठेवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

उन्हाळ्यात मनाई कशासाठी?

हिवाळी पेट्रोल स्वस्त असते, गाडी लवकर सुरू करते. मग ते बारा महिने का विकत नाहीत? याचे उत्तर गाडीत नाही, हवेत आहे.

पेट्रोल जितके लवकर उडणारे, तितकी त्याची वाफ टाकीतून, पंपाच्या नळीतून आणि टँकरमधून बाहेर पडते. ही वाफ आणि गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड एकत्र आले आणि त्यावर कडक ऊन पडले की जमिनीलगत ओझोन वायू तयार होतो. आकाशात उंचावर असलेला ओझोन सूर्याच्या घातक किरणांपासून आपले रक्षण करतो. तोच जमिनीलगत आला की छातीला अपाय करतो. डोळे चुरचुरतात, खोकला येतो, दमेकऱ्यांचा त्रास बळावतो. मैदानावर खेळणारी लहान मुले मोठ्यांपेक्षा जास्त वेगाने श्वास घेतात, म्हणून त्यांना तो अधिक बाधतो.

लॉस एंजेलिस हे डोंगरांनी वेढलेले, भरपूर उन्हाचे आणि अफाट गाड्यांचे शहर. विसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथली पिवळट धुरकट हवा जगभर बदनाम झाली होती. म्हणून कॅलिफोर्नियाने सगळ्यांच्या आधी, १९७१ मध्येच, उन्हाळी पेट्रोलच्या वाष्पदाबावर ९ पीएसआयची मर्यादा घातली. संपूर्ण अमेरिकेसाठी असे नियम १९८९ पासून आले आणि १९९२ मध्ये ते आणखी कडक झाले. आता सर्वसाधारणपणे १ जून ते १५ सप्टेंबर या काळात पंपांवर उन्हाळी पेट्रोलच विकावे लागते. ज्या शहरांची हवा विशेष खराब आणि जिथे उष्मा जास्त, तिथे मर्यादा ७.८ पीएसआय इतकी खाली आणली जाते. साठवणुकीच्या डेपोंना महिनाभर आधी, १ मेपासूनच उन्हाळी पेट्रोल ठेवावे लागते. पंपांच्या टाक्यांमधले जुने पेट्रोल संपून नवे भरले जावे, यासाठी ही तजवीज आहे.

हा नियम किती महत्त्वाचा आहे आणि तो पाळण्याची किंमतही कशी मोजावी लागते, हे संकटाच्या वेळी दिसते. २००५ मध्ये कॅटरिना चक्रीवादळाने अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या रिफायनऱ्या बंद पडल्या, तेव्हा टंचाई टाळण्यासाठी सरकारने उन्हाळी पेट्रोलची अट तात्पुरती शिथिल केली. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात पेट्रोलचे भाव भडकले, तेव्हा गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी ठरलेल्या तारखेआधीच हिवाळी पेट्रोल विकू देण्याचे निर्देश दिले. म्हणजे उन्हाळ्यात पंपावर जे चार पैसे जास्त जातात, ते मुलांना बरी हवा मिळावी म्हणून जातात. हिवाळ्यात ऊन मंद असते, ओझोन फारसा तयार होत नाही, म्हणून तेव्हा सूट मिळते.

हिवाळ्याचा दुसरा पाहुणा

हिवाळ्यात ओझोनचा त्रास नसला तरी दुसरा एक वायू डोके वर काढतो, तो म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. थंड इंजिनात पेट्रोल नीट जळत नाही. अर्धवट जळालेल्या इंधनातून हा विषारी वायू निघतो. कोलोरॅडो राज्यातले डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून उंचावर आहे. तिथली हवा विरळ असल्याने हा प्रश्न अधिक बिकट होता. म्हणून १९८८ च्या जानेवारीत तिथे हिवाळ्यापुरते ऑक्सिजनयुक्त पेट्रोल सक्तीचे झाले. इथेनॉल किंवा एमटीबीई नावाचे रसायन मिसळून पेट्रोलमध्ये ऑक्सिजनचे प्रमाण वाढवले की ते अधिक पूर्णपणे जळते. १९९० च्या हवा शुद्धीकरण कायद्यातील दुरुस्तीनंतर, १९९२ च्या हिवाळ्यापासून अमेरिकेतल्या अनेक शहरांत हीच पद्धत लागू झाली.

त्या वर्षांत अनेकांनी तक्रार केली की या पेट्रोलने गाडीचे अ‍ॅव्हरेज कमी झाले. तक्रार अगदीच खोटी नव्हती. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे १० टक्के इथेनॉल मिसळले तर अ‍ॅव्हरेज साधारण ३ टक्क्यांनी उतरते. पुढे एमटीबीई भूजलात उतरून पाणी खराब करते, असे दिसल्याने ते मागे पडले आणि इथेनॉल राहिले. आता अमेरिकेत बहुतेक पंपांवर वर्षभर १० टक्के इथेनॉलचेच पेट्रोल मिळते. त्यामुळे आजच्या घडीला उन्हाळा आणि हिवाळा यांतल्या फरकाचे खापर इथेनॉलवर फोडता येत नाही.

खरे पेट्रोल जाते कुठे?

आता १.७ टक्क्यांचा तो आकडा पुन्हा पाहू. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार, बाहेर २५ अंश तापमान असताना गाडी शहरात जे अ‍ॅव्हरेज देते, ते उणे ७ अंशांत साधारण १५ टक्क्यांनी घटते. पाच-सहा किलोमीटरच्या छोट्या फेऱ्याच असतील तर ही घट २४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. हायब्रिड गाड्यांत ती ३० ते ३४ टक्क्यांपर्यंत जाते. त्यांचे एरवी बंद राहणारे इंजिन आतली माणसे गरम ठेवण्यासाठीही चालवावे लागते, हे त्याचे एक कारण.

घरच्या हिशेबात मांडून पाहू. समजा, गाडी लिटरला १२ किलोमीटर जाते आणि महिन्याला १२०० किलोमीटर चालते. उन्हाळ्यात पेट्रोल लागेल १०० लिटर. हिवाळ्यात अ‍ॅव्हरेज १५ टक्क्यांनी घटून १०.२ वर आले, तर लागेल सुमारे ११७ लिटर. वाढलेल्या या १७ लिटरपैकी हिवाळी पेट्रोलचा वाटा जेमतेम पावणेदोन लिटर. बाकीचे पंधरा लिटर कुठे गेले?

त्यातला मोठा भाग थंड इंजिन गिळते. थंडीत खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. इंजिनातले आणि गियरमधले ऑइलही थंडीत असेच दाट होते. त्यातून सगळे भाग फिरवायला जास्त जोर लागतो. इंजिन पुरेसे तापेपर्यंत त्याला पेट्रोलही जास्त द्यावे लागते. घरापासून शाळा पाच किलोमीटरवर असेल तर इंजिन कुठे तापते न तापते तोच गाडी थांबते. परत निघताना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

दुसरा वाटा हवेचा. उणे सात अंशांतली हवा पंचवीस अंशांतल्या हवेपेक्षा सुमारे १२ टक्के दाट असते. हायवेवर गाडीला ती कापत जावे लागते. तिसरा वाटा हीटर, काचेवरचे दव काढणारा पंखा आणि गरम होणाऱ्या सीट यांचा. छतावरचे बर्फ न झाडता तसेच वाहून नेले तर त्याचे ओझे वेगळेच.

चौथा वाटा टायरचा. तापमान साडेपाच अंशांनी उतरले की टायरमधली हवा साधारण १ पीएसआयने कमी भरते. सप्टेंबरच्या उबेत भरलेली हवा जानेवारीत न तपासता तशीच राहिली, तर ती ५-६ पीएसआयने खाली आलेली असते. चारही टायरची हवा १ पीएसआयने कमी झाली तर अ‍ॅव्हरेज सुमारे ०.२ टक्क्यांनी घटते. ६ पीएसआयचे झाले १.२ टक्के. म्हणजे ज्या हिवाळी पेट्रोलच्या नावाने लोक बोटे मोडतात, जवळजवळ तितकेच नुकसान टायर न तपासण्याच्या आळसाने होते. आणि ते टाळायला खर्चही जवळजवळ नाही.

गाडी तापवत ठेवणे धोक्याचे

थंड प्रदेशातल्या घरांत सकाळी गाडी सुरू करून दहा-पंधरा मिनिटे तशीच ठेवण्याची पद्धत आहे. तोवर चहा होतो, मुलांचे बूट घालून होतात. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना ती गरज होती. चोक ओढून इंजिन थोडे तापू दिले नाही तर गाडी रस्त्यात बंद पडायची. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना त्याची गरज नाही. बहुतेक कंपन्या सुमारे ३० सेकंदांनंतर हळूहळू गाडी चालवायला सुरुवात करा, असेच सांगतात. चालत्या गाडीचे इंजिन उभ्या गाडीपेक्षा लवकर तापते. उभी गाडी मात्र पेट्रोल जाळते आणि एक मीटरही पुढे जात नाही. काचेवर बर्फ असेल तर ते पूर्ण निघेपर्यंत थांबावे, कारण समोरचे नीट दिसणे पेट्रोलपेक्षा मोलाचे आहे.

यात पैशांहून गंभीर एक गोष्ट आहे. घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवणे जीवावर बेतू शकते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. गॅरेजचे शटर उघडे असले तरी तो दाराच्या फटीतून घरात शिरू शकतो. डोके दुखणे, मळमळणे, गळून गेल्यासारखे वाटणे ही त्याची पहिली लक्षणे आणि हिवाळ्यात ती फ्लूची समजून लोक झोपून राहतात. भारतातून काही महिन्यांसाठी मुलाकडे गेलेल्या आईवडिलांना याची कल्पना नसते. त्यांना ही गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. गाडी सुरू केली की ताबडतोब बाहेर काढावी आणि घरात या वायूची सूचना देणारे यंत्र बसवलेले असावे.

भारतात काय परिस्थिती आहे?

भारतातल्या बहुतेक भागांत उणे दहा अंशांची थंडी नाही. इथला प्रश्न उलटा आहे, तो उन्हाळ्याचा. ज्यांनी अ‍ॅम्बेसेडर किंवा फियाट चालवली आहे, त्यांना मे महिन्यात घाटात बंद पडलेली गाडी आठवत असेल. बॉनेट उघडून पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवायचे आणि थोडा वेळ थांबायचे, हा तेव्हाचा हमखास उपाय. उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ व्हायची आणि वाफ अडकली की पंप पेट्रोल खेचू शकत नसे. यालाच ‘व्हेपर लॉक’ म्हणतात.

म्हणून पेट्रोलच्या भारतीय मानकातही, म्हणजे आयएस २७९६ मध्ये, मे ते जुलै या महिन्यांसाठी वेगळी आणि कडक मर्यादा आहे. इतर महिन्यांत ती थोडी सैल असते. म्हणजे ऋतूप्रमाणे पेट्रोल बदलण्याचे तत्त्व भारतातही मान्य आहे. पुढे फ्युएल इंजेक्शन आले, टाकीतच विजेवरचा पंप आला, पेट्रोल दाबाखाली वाहू लागले आणि ओल्या फडक्याची गरज संपली.

लडाखमध्ये मात्र थंडीचा प्रश्न खराच बिकट आहे. तिथे तापमान उणे ३० अंशांपर्यंत उतरते. पण तिथे जास्त अडते ते डिझेलचे, कारण डिझेलमधले मेण थंडीने गोठून नळ्या तुंबतात. त्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल तिथे आणले.

मुंबई, कोकण आणि गोव्यात हिवाळ्यामुळे अ‍ॅव्हरेज फारसे घटू नये. पुणे, नाशिक, नागपूर किंवा दिल्लीत पहाटे निघणाऱ्या गाडीला थोडा फरक जाणवेल, विशेषतः फेऱ्या छोट्या असतील तर. पण फरक मोठा असेल आणि बारा महिने राहत असेल, तर त्याचे कारण ऋतू नव्हे. भारतात पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच अंदाज दिला होता की, मुळात बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींचे अ‍ॅव्हरेज २० टक्के इथेनॉलमुळे ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, तशाच दुचाकींचे ३ ते ४ टक्क्यांनी. १० टक्क्यांसाठी बनवून २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींत ही घट १ ते २ टक्के इतकीच राहील.

हिशेब ठेवावा, पण नीट

अ‍ॅव्हरेज मोजताना बहुतेक घरांत एक चूक होते. अर्धवट टाकीत पाचशे रुपयांचे पेट्रोल टाकून काट्याकडे बघत अंदाज बांधला जातो. त्याऐवजी टाकी फुल्ल करून किलोमीटर लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी पुन्हा फुल्ल करावी, जितके लिटर बसले त्याने मधल्या किलोमीटरना भागावे. एकाच वेळच्या आकड्यावर निष्कर्ष काढू नये, निदान तीन-चार वेळांची सरासरी घ्यावी. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, जानेवारीची तुलना मेशी करू नये, मागच्या जानेवारीशी करावी.

मागच्या जानेवारीपेक्षाही अ‍ॅव्हरेज बरेच कमी असेल तर मात्र मेकॅनिककडे जावे. इंजिनातला थर्मोस्टॅट उघडा राहिला असेल तर थंडीत इंजिन पूर्ण तापतच नाही आणि पेट्रोल वाया जाते. तापमानाचा काटा नेहमीपेक्षा खाली राहणे आणि हीटरमधून कोमट हवाच येणे, ही त्याची खूण. ब्रेक अडकून राहणे, स्पार्क प्लग खराब होणे हीही कारणे असतात.

पंपावर संशय असेल तर मनात कुढत बसण्यापेक्षा तपासणी मागावी. भारतात ग्राहकाला पाच लिटरच्या प्रमाणित मापाने पेट्रोल मोजून दाखवण्याची आणि फिल्टर पेपरची चाचणी मागण्याचा अधिकार आहे. सकाळी लवकर थंड पेट्रोल भरले तर जास्त मिळते, या समजुतीत फारसा अर्थ नाही. पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथले तापमान दिवसभरात फार बदलत नाही. थंडीत महागडे जादा ऑक्टेनचे पेट्रोल भरूनही फायदा नाही. गाडीच्या पुस्तकात जे सांगितले असेल तेच पुरे.

खरी बचत साध्या गोष्टींत आहे. महिन्यातून एकदा, टायर थंड असताना हवा तपासावी. भाजी, बँक, शिकवणी अशा चार वेगळ्या फेऱ्या न मारता एकाच फेरीत सगळी कामे उरकावीत, म्हणजे एकदा तापलेले इंजिन उपयोगी पडते. ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच वापरावे. जवळच्या दुकानात चालत जाणे जमत असेल तर त्याहून उत्तम.

अमेरिकेतल्या त्या १७ लिटरांपैकी हिवाळी पेट्रोलमुळे जाणारे पावणेदोन लिटर कुणाला वाचवता येणार नाहीत. गोठवणाऱ्या थंडीत गाडी एका चावीत सुरू व्हावी, याची ती किंमत आहे. उरलेल्या पंधरांपैकी काही थंडी घेणारच. काही मात्र घरातल्यांच्या हातात आहेत. ते एकमेकांवर संशय घेऊन वाचत नाहीत, एकत्र बसून आठवड्याच्या फेऱ्या ठरवल्या की वाचतात.